गणवेश चढण्यापूर्वीचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणिसांनी मला दिलेला विषय असा आहे : सैन्यात नव्याने दाखल होणाऱ्या छात्रांना चारित्र्य आणि नीतिमूल्ये कशी शिकवली जातात. मी सैनिक नाही, शिक्षक आहे. काही वर्षे शाळेतील एन.सी.सी.चे काम माझ्याकडे होते, एवढाच माझा या विषयावर बोलण्याचा अधिकार. तेव्हा सेनापतीच्या थाटात काही सांगण्याचा माझा विचार नाही. खडकवासल्याला आणि डेहराडूनला मुलांवर कोणते संस्कार केले जातात, आणि त्यांतील किती काम घरी व शाळेत आधीच व्हायला हवे असते, एवढेच तुमच्यापुढे मांडतो.

कल्याणकरांना फौज ही काही परकी गोष्ट नाही. शेजारच्या उल्हासनगरला आपण अजून 'कॅम्प' म्हणतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी आपले संसार मांडले आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. रिक्षावाला मात्र आजही कॅम्प नंबर तीन की पाच, असेच विचारतो. त्याहून मागे गेलो तर आपला दुर्गाडी आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढे याच खाडीच्या काठी त्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. त्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान हे नामांकित अधिकारी होते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. लुटीबरोबर आणलेल्या त्या स्त्रीला महाराजांनी सन्मानाने परत पाठवले, ही ती गोष्ट. समकालीन कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही, असे इतिहासकार म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे आपण मानले पाहिजे. परंतु शील शिकवण्यासाठी त्या गोष्टीवरच विसंबून राहण्याची गरज नाही. महाराजांचे एक पत्र उपलब्ध आहे. १६७३-७४ च्या सुमाराचे, चिपळूणजवळ हलवर्णला छावणी करून असलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले. माझ्या मते फौजेला दिलेला नीतीचा इतका चांगला धडा क्वचितच सापडेल, आणि त्यात नीती हा शब्ददेखील मोठ्या आवाजात उच्चारलेला नाही.

पत्राचा आशय असा. पावसाळ्याचे दिवस आहेत. पागेसाठी दाणा, वैरण आणि शिधा साठवून दिला आहे, तो बेताने वापरा. तुम्ही आजच सगळा संपवलात तर पुढे काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. जो कुणबी घर धरून राहिला आहे तो उठून जाईल, आणि त्याला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. यानंतर पत्र गवताच्या गंजीकडे वळते. कोणी चिलीम ओढील, कोणी वारा न पाहता चूल पेटवील, रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळून जाईल. उंदराच्या तोंडातली वातसुद्धा ज्याच्या नजरेतून सुटत नाही, तो सेनानी आपल्या माणसांना काय शिकवीत होता? शेतकऱ्याच्या दारातली भाजी आणि आपल्या हातातला दिवा, या दोन्हींची जबाबदारी शिपायाची आहे, हे तो शिकवीत होता.

आपल्या परंपरेतही याच जातीचा एक दाखला आहे. पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी सीरियाकडे फौज रवाना करताना तिच्या सरदाराला ज्या सूचना दिल्या, त्या इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात नोंदल्या आहेत. स्त्रिया, मुले व वृद्ध यांना मारू नका, फळझाडे तोडू नका, वस्तीची जागा उजाड करू नका, खाण्याच्या गरजेखेरीज जनावरे कापू नका. पुन्हा तोच प्रकार. झाड, जनावर, म्हातारे माणूस, अशी एकेक गोष्ट बोट दाखवून सांगितली आहे. नव्या शिपायाला 'सदाचारी राहा' असे म्हटले तर तो मान डोलावतो आणि विसरतो. 'ते झाड तोडू नकोस' म्हटले तर त्याला झाड दिसल्यावर आठवते. हे आम्हा शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आम्हाला भाषण करण्याची हौस फार.

आता आजच्या शिक्षणाकडे येतो. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी तिची कोनशिला बसवली आणि १९५४ च्या अखेरीस डेहराडूनहून छात्र तेथे राहायला आले. भूदल, नौदल व वायुदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तेथे तीन वर्षे एकत्र शिकतात. मुख्य इमारतीचे नाव सुदान ब्लॉक. महायुद्धात भारतीय जवानांनी सुदानच्या रक्षणासाठी जे रक्त सांडले त्याची जाण म्हणून सुदानने दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली.

तेथे साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षांची मुले येतात. म्हणजे बारावीच्या बाकावरून उठून आलेली. त्यांना पहाटे उठवले जाते, धावणे, कवायत, पोहणे, घोडेस्वारी, वर्गातले तास, खेळ, संध्याकाळचा अभ्यास, असा दिवस भरलेला असतो. पालकांना वाटते की हा सगळा शरीराचा व्यायाम झाला, चारित्र्याचा तास कोणता? चारित्र्याचे तासही असतात, व्याख्याने असतात, थोर सेनानींची चरित्रे असतात. परंतु खरे शिक्षण दिवसाच्या फटींमध्ये चालते. बूट रात्री चमकवलेत की सकाळी दुसऱ्याचे घातलेत? धावताना वळणावर कोणी पाहत नाही म्हणून दहा पावले वाचवलीत का? उशीर झाला तर कारण खरे सांगितलेत का? प्रत्येक स्क्वाड्रनवर नेमलेले अधिकारी या लहान गोष्टी पाहत असतात, आणि वर्षानुवर्षे पाहून त्यांची नजर तयार झालेली असते.

प्रबोधिनीत एक सन्मानसंहिता आहे. छात्राने प्रत्येक प्रसंगी प्रामाणिक, सत्यवचनी, विश्वासास पात्र आणि न्यायी असावे, एवढेच तिचे सार. पोहण्यात किंवा गणितात जो मागे पडतो त्याच्याकडून पुन्हा तयारी करून घेतली जाते. जो नक्कल करताना किंवा खोटे सांगताना सापडतो त्याचे प्रकरण वेगळ्या गांभीर्याने घेतले जाते. त्याला एक सत्र मागे टाकले जाऊ शकते, घरीही पाठवले जाऊ शकते. यामागे काही साधुत्वाची कल्पना नाही, सरळ व्यवहार आहे. रात्री टेहळणीवरून परत आलेला तरुण अधिकारी सांगतो की पुलापर्यंत जाऊन आलो, पूल मोकळा आहे. त्याच्या या एका वाक्यावर शंभर माणसे त्या पुलावर जाणार असतात. तो अर्ध्या वाटेवरून परतला असेल तर?

संहिता पाळण्यातला अवघड भाग स्वतः खोटे न बोलण्याचा नाही. मित्र खोटे बोलतो तेव्हा काय करायचे, येथे मुलगा अडतो.

माझा एक जुना विद्यार्थी महाविद्यालयात एन.सी.सी.त अंडर ऑफिसर झाला होता. रविवारच्या परेडची हजेरी त्याच्याकडे असे. एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला. त्याचा जिवलग मित्र भिवंडीला यंत्रमागावर रात्रपाळी करीत होता. घरात कमावणारे दुसरे कोणी नव्हते. सकाळी सहाला सुटून तो परेडला पोहोचत नसे, पोहोचलाच तर उभ्या उभ्या झोपत असे. 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रांच्या परीक्षेला बसायचे तर पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. मित्राचे म्हणणे, माझे नाव लाव, तुझे काय जाते? मुलगा मला म्हणाला, "सर, तो आळशी असता तर मी विचारायलाही आलो नसतो."

मी त्याला म्हटले, नाव लावू नकोस, आणि नुसते 'नाही' म्हणून मोकळाही होऊ नकोस. दोघे मिळून आपल्या अधिकाऱ्यांकडे जा, आणि रात्रपाळीची गोष्ट आहे तशी सांगा. ते गेले. अधिकारी सहृदय होते, त्यांनी पुढच्या वर्षी हजेरी भरून काढण्याची सवलत दिली. त्या वर्षी मात्र परीक्षा हुकली ती हुकलीच. मित्राने पुढच्या वर्षी प्रमाणपत्र मिळवले. दोघांची मैत्री पूर्वीसारखी राहिली नाही, हेही मी तुम्हाला सांगितले पाहिजे. खरेपणाचे मोल द्यावे लागते, आणि ते कधी कधी असे जवळच्या माणसाच्या रूपात द्यावे लागते. मुलांना चारित्र्य शिकवताना आपण ही किंमत लपवतो, म्हणून ती पहिल्याच खेपेला दचकतात.

तो एक हजेरीचा रकाना क्षुल्लक वाटेल. परंतु हिशेब करून पाहा. त्या रकान्यावर 'सी' प्रमाणपत्र, त्या प्रमाणपत्रावर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जाण्याची खास सवलत, आणि तेथे निवड झाल्यावर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण संस्थेत प्रवेश. म्हणजे खांद्यावरचा तारा त्या रकान्यापर्यंत मागे नेता येतो.

केवळ संहिता लिहून भिंतीवर लावली म्हणजे काम झाले, असेही नाही. अमेरिकेत वेस्ट पॉइंट येथे फार जुनी सैनिकी अकादमी आहे. छात्राने खोटे बोलू नये, फसवू नये, चोरू नये आणि असे करणाऱ्याला खपवूनही घेऊ नये, असा तेथील दंडक. तरीही १९७६ साली घरी सोडवायला दिलेल्या एका प्रश्नपत्रिकेत शेकडो छात्रांवर नकलेचा संशय आला आणि दीडशेच्यावर छात्रांना अकादमी सोडावी लागली. चौकशीसाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते चांद्रमोहिमेवर जाऊन आलेले अंतराळवीर फ्रँक बोरमन. दोष फक्त मुलांचा नाही, अकादमीनेही आपल्या व्यवस्थेतील बिघाड पाहिला पाहिजे, असा त्या समितीचा सूर होता. काढलेल्यांपैकी पुष्कळांना पुढे परत घेण्यात आले. मला त्या प्रसंगातून एवढे समजते की जेथे मोठी माणसे नियमाकडे कानाडोळा करतात तेथे मुले नियमाचा धाक धरतात, त्याचा आदर धरीत नाहीत.

आपल्याकडेही एक रोग आहे, त्याचे नाव न घेता पुढे जाणे बरे नव्हे. वरच्या वर्गातील मुलांनी नव्या मुलांना रात्री-अपरात्री राबवणे, त्यांना छात्रांच्या बोलीत 'रगडा' म्हणतात. कायद्याने आणि नियमाने छळाला बंदी आहे. तरी काही पालक कौतुकाने म्हणतात, त्यानेच पोरगे घडते. माझे मत स्पष्ट आहे. सोसायला शिकणे वेगळे आणि दुबळ्याला छळायला शिकणे वेगळे. दुसरी गोष्ट शिकलेला अधिकारी पुढे आपल्या जवानांशी कसा वागेल, याचा विचार करा.

जवानांशी कसे वागावे, हे डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत पहिल्या दिवसापासून कानांवर पडते. १९३२ साली तिच्या उद्घाटनाच्या वेळी फील्ड मार्शल चेटवुड यांनी जो क्रम सांगितला तो तेथे आजही पाठ असतो. आधी देश, मग तुझ्या हाताखालची माणसे, आणि तुझी स्वतःची सोय नेहमी सर्वांत शेवटी. क्रम सोपा आहे, पण तो जगून दाखवणारा समोर असल्याशिवाय रुजत नाही.

ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. आझमगड जिल्ह्यातले, सँडहर्स्टला शिकलेले. फाळणीत त्यांची बलूच रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली, ते भारतातच राहिले. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मीरमधील झंगर आपल्या हातून गेले, तेव्हा त्यांनी निश्चय केला की ते परत घेईपर्यंत खाटेवर निजायचे नाही. ऐन हिवाळ्यात ब्रिगेडचा प्रमुख जमिनीवर चटई टाकून झोपत होता. मार्च १९४८ मध्ये झंगर परत मिळाले. त्याच वर्षी ३ जुलैला, छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर असताना, तोफगोळ्याने त्यांना शहादत आली. महावीरचक्र मरणोत्तर मिळाले, आणि दिल्लीला जामिया मिलियाच्या परिसरात त्यांची कबर आहे. अविवाहित राहिलेला हा माणूस पगारातला मोठा भाग गरीब मुलांच्या शिक्षणावर खर्च करीत असे. त्या चटईने जवानांना जे शिकवले असेल ते कोणत्या व्याख्यानाने शिकवले असते?

हुकूम पाळणे हा सैनिकाचा पहिला गुण मानला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु आपल्या १९५० च्या लष्करी कायद्यात हुकमाच्या अवज्ञेबद्दल जी शिक्षा सांगितली आहे ती कायदेशीर हुकमाच्या अवज्ञेबद्दल आहे. हा एक शब्द नव्या छात्राने नीट समजून घ्यावा. व्हिएतनाममध्ये १६ मार्च १९६८ रोजी मी लाय गावात अमेरिकन सैनिक नि:शस्त्र गावकऱ्यांना मारीत सुटले, तेव्हा ह्यू थॉम्प्सन नावाच्या तरुण वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मध्ये उतरवले व काही जीव वाचवले. त्याला पुढे कित्येक वर्षे स्वकीयांकडूनच दूषणे ऐकावी लागली. सन्मानाचे पदक मिळाले ते १९९८ साली, तीस वर्षांनी.

आपल्या समाजातील काही पालकांच्या मनात एक शंका असते, ती ते उघड बोलत नाहीत. फौजेत आपल्या मुलाच्या धर्माचे काय होईल? फौजेच्या अनेक तुकड्यांत 'सर्व धर्म स्थल' असते, एकाच छपराखाली सर्वांची प्रार्थनास्थळे. धर्मशिक्षकांत पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याप्रमाणे मौलवीही असतात. अधिकारी स्वतः कोणत्याही धर्माचा असो, तो आपल्या जवानांच्या सणांत आणि प्रार्थनेत त्यांच्याबरोबर उभा राहतो. कॅप्टन हनीफउद्दीन हे राजपुताना रायफल्सच्या अकराव्या पलटणीबरोबर लढले. त्या रेजिमेंटची युद्धघोषणा 'राजा रामचंद्र की जय' अशी आहे. ६ जून १९९९ रोजी तुर्तुकच्या बर्फात पंचविशी पुरी होण्याआधीच ते कामी आले, त्यांना वीरचक्र मिळाले. शत्रूच्या माऱ्यामुळे त्यांचा देह महिन्याहून अधिक काळ खाली आणता येत नव्हता. लष्करप्रमुख भेटायला आले तेव्हा त्यांच्या आईने सांगितले की माझ्या मुलाच्या देहासाठी दुसऱ्या कोणा आईच्या मुलाचा जीव धोक्यात घालू नका. ती माता शास्त्रीय संगीताची गायिका, सैन्याचे शिक्षण तिने कोठे घेतले होते? मुलगा डेहराडूनला जाण्यापूर्वी कोणत्या घरातून गेला, ते मात्र यातून कळते.

म्हणून आता पालकांशी थोडे रोखठोक बोलतो, राग मानू नये.

तुमचा मुलगा सैन्यात अधिकारी व्हावा म्हणून तुम्ही शिकवणीला हजारो रुपये भरता. प्रबोधिनीच्या प्रवेशाला लेखी परीक्षेचे ९०० गुण आहेत, गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६००. परंतु त्यानंतर निवड मंडळापुढे जी पाच दिवसांची चाचणी होते तिलाही ९०० गुण आहेत. तेथे मुलाला चित्र दाखवून गोष्ट लिहायला सांगतात, गटात ओंडका उचलून ओढा ओलांडायला लावतात, घरच्या गोष्टी विचारतात. हे पाहणारे तज्ज्ञ वेगवेगळे असतात आणि त्यांची मते नंतर ताडून पाहिली जातात. पाठ केलेली उत्तरे पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाहीत. ओंडक्याचे जड टोक कोण उचलतो, हे शिकवणीत शिकता येत नाही. जो मुलगा घरी पाण्याचा हंडा बहिणीवर टाकून बसतो, तो तेथेही बसेल.

दुसरी गोष्ट त्याहून कडू. भरतीच्या दिवसांत आपल्या भागात दलाल फिरतात. जवानाच्या भरतीत, आता अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जी भरती होते तिच्यात, मुलाचे काम करून देतो म्हणून पैसे मागतात. लष्कर वारंवार बजावते की भरतीला एक पैसा लागत नाही. तरी दागिने गहाण टाकून पैसे देणारी घरे आहेत. पैसे बुडतात हे तर आहेच. पण समजा बुडाले नाहीत, तर त्या मुलाच्या मनाचे काय झाले? देशाचे रक्षण करायला तो निघाला आणि पहिले पाऊल लाच देऊन टाकले, तेही बापाचा हात धरून. वय एक वर्षाने कमी दाखवणे, दाखल्यावर पत्ता बदलून घेणे, यांना आपण 'थोडेसे जमवून घेणे' म्हणतो. प्रबोधिनीला तीन वर्षे मिळतात, तुम्हाला सतरा मिळालेली असतात. सतरा वर्षांत जे जमवून घ्यायला शिकवले ते तीन वर्षांत कसे पुसणार?

संस्थेला माझी एक विनंती आहे. विद्यार्थ्यांची हजेरी, खेळाच्या सामानाचा हिशेब, सहलीच्या वर्गणीचा जमाखर्च ही कामे नववी-दहावीच्या मुलांकडे द्यावीत आणि हिशेब फळ्यावर लावावा. चूक निघाली तर शिक्षा करण्याआधी ती कशी झाली हे मुलालाच सांगू द्यावे. खरे सांगितल्यावर मार मिळतो असे ज्या शाळेत ठरले, तेथे खोट्याचे शिक्षण फुकट मिळते.

शेवटी मागच्या रांगांत बसलेल्या मुलींसाठी. तुम्हाला वाटत असेल की हे सगळे भावासाठी चालले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले, २०२२ साली पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ रोजी तिच्यातील १७ मुली मुलांबरोबर दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. तयारीसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांकरिता छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींकरिता तशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. दहावीत असतानाच त्यांची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, म्हणून नववीतल्या मुलींनीच आत्ता चौकशी करावी. अर्ज स्वतःच्या हाताने भरा. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे त्याच अक्षरांत लिहा, आणि जन्मतारीख तीच, जी त्यावर आहे.